हसू येतं, तरी बघ

प्रिय बाळ,

परवा तू म्हणालास, "काका, जुने भयपट बघताना मला हसूच येतं." मी गप्प राहिलो, कारण तू स्कूटर चालू करून उभा होतास आणि माझं उत्तर लांबणार होतं.

बघितलेस कुठे? मोबाईलवर, भर दुपारी, मधेमधे मेसेज वाचत? मग हसूच येणार.

नव्वदच्या दशकात इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी केबल आली. कार्टून नेटवर्कवर रात्री कार्टून संपली की त्याच जागी टीएनटी या दुसऱ्या वाहिनीचे जुने हॉलिवूडपट लागायचे. काय लागणार ते वाहिनी ठरवणार. थांबवणं नाही, मागे नेणं नाही. आई-आबा आत झोपलेले, म्हणून आवाज अगदी बारीक ठेवून टीव्हीला चिकटून बसायचं. भयपट डोळ्यांइतकाच कानांनी बघायचा असतो, हे मला त्या बारीक आवाजानं शिकवलं. आता तशी वाहिनी घरात नाही, तर तिचा नियम तू स्वतःला लावून घे. रात्रीची वेळ ठरव, दिवे घालव, आणि एकदा लावलं की शेवटपर्यंत हात लावू नकोस.

सुरुवात 'कॅट पीपल'पासून कर. १९४२चा, जेमतेम ७३ मिनिटांचा. आरकेओ स्टुडिओनं निर्माता व्हॅल ल्यूटनच्या हाती सिनेमाचं आयतं नाव ठेवलं होतं आणि पैसे बेताचेच. दिग्दर्शक झाक तुर्नरनं श्वापद बहुतेक वेळ अंधारातच ठेवलं. रात्री एक बाई भिंतीच्या कडेनं चालली आहे, मागून दुसरी. दोघींच्या टाचा वाजतात. मग एकीच्याच वाजतात. तिथे जीव मुठीत धरून ऐक. पुढे काय येतं ते सांगूनच टाकतो, कारण माहीत असूनही तू दचकशील: साधी बस येते. अशा दचकवण्याला सिनेमावाले आजही 'ल्यूटन बस' म्हणतात.

ल्यूटनच्या हाताखाली घडलेल्या रॉबर्ट वाइजनं १९६३मध्ये 'द हाँटिंग' केला. त्यात भूत दिसतच नाही. एक लाकडी दार श्वास घेतल्यासारखं फुगतं, बस्स. मी तो पाहिला त्या रात्री पाणी प्यायलासुद्धा उठलो नव्हतो.

'ड्रॅक्युला' (१९३१) मात्र मला पूर्ण जमलेला वाटत नाही. त्यातल्या वटवाघळाला खुशाल हस. पण त्यात पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच; त्या शांततेत ड्रॅक्युला झालेला बेला लुगोसी जिना उतरतो, तेवढं नीट बघ. या सिनेमाचा छायाचित्रकार कार्ल फ्रॉइंड जर्मनीतून अमेरिकेत गेलेला. तसाच योसेफ वीर्शिंग जर्मनीतून मुंबईत बॉम्बे टॉकीजमध्ये आला आणि त्यानं १९४९मध्ये कमाल अमरोहींचा 'महल' टिपला. झुल्यावरच्या मधुबालेभोवतीचा अंधार बघ. सावल्यांतून भीती उभी करणारी ती जर्मन शाळा आपल्याकडेही पोचली होती. हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

शनिवारी जेवून ये. मोबाईल बाहेरच्या फळीवर ठेवायचा. सिनेमा संपला की सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात जाऊन भुट्ट्याचा कीस खाऊ. परतताना गल्लीतून तू पुढे चाल, मी थोडा मागून येतो.

तुझा,
काका