बुबुळावरचे पिढीजात डाग आणि लेझर

वडिलांच्या बुबुळावर पांढरे ठिपके होते, आता मलाही आहेत. सावलीत नीट दिसतं, पण संध्याकाळी उन्हाच्या तोंडाने गाडी चालवली की समोरचं काहीच दिसत नाही. लेझरने हे कायमचं जाईल का? – रावेर

कायमचं जाणार नाही, हे आधीच सांगते. तुम्ही पाठवलेल्या फोटोत भाकरीचा चुरा सांडावा तसे ठिपके आहेत आणि मधली जागा स्वच्छ आहे. ही बहुधा ग्रॅन्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे बुबुळावर ठिपके साचवणारा आनुवंशिक आजार. यासाठीच्या लेझरला पीटीके म्हणतात. बुबुळावरची पारदर्शक काच, म्हणजे पारपटल, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. लेझर तिचा फक्त वरचा पातळ थर काढतं. सगळे ठिपके खरवडायचे नसतात, बघण्याच्या आड येणारे काढले की पुरे. दोष जनुकातच असल्याने काही वर्षांनी ठिपके परत येतात. पुन्हा लेझर करता येतं, पण जाडी उरली असेल तरच. म्हणून काम अडत नसेल तर घाई नको.

लेझरनंतर तीन-चार दिवस डोळा चांगलाच दुखतो, पट्टीसारखी लेन्स ठेवतात. प्लस नंबर येऊ शकतो. आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन आणि जिनिंगमधली कापसाची धूळ बघता मी हिवाळा सुचवेन. गॉगल मात्र काही महिने हवाच.

मुलीला पारपटलाची मॅक्युलर डिस्ट्रॉफी आहे. मी मामाच्या मुलीशी लग्न केलं, म्हणून घरचे तिच्या आईलाच बोलतात. – अमळनेर

कृपा करून हे थांबवा. या आजारात सदोष जनुक आई आणि वडील, दोघांकडूनही यावं लागतं. तुम्ही दोघं वाहक आहात, तुम्हाला स्वतःला त्रास नाही आणि हे कळायला काही मार्गही नव्हता. नात्यातल्या लग्नात अशी गाठ पडण्याची शक्यता वाढते, एवढंच. प्रत्येक अपत्याला धोका चारात एक, म्हणून धाकट्यालाही तपासून घ्या. मॅक्युलरचा धुरकटपणा खोलवर, कडेपर्यंत जातो. तिथे लेझरचा उपयोग मर्यादित. पुढे नेत्ररोपण, म्हणजे पारपटल बदलणं, लागेल, आणि त्याने नजर चांगली सुधारते.

वडिलांना ठिपके आहेत. पोलीस भरतीसाठी माझा नंबर लेझरने काढू का? – शिरपूर

सध्या अजिबात नको. ग्रॅन्युलरच्या दुसऱ्या प्रकारात चष्मा घालवणाऱ्या लेझरनेच डाग झपाट्याने दाट होतात, आणि तरुणपणी ठिपके इतके बारीक असतात की सहज नजरेतून सुटतात. आधी वडिलांना सोबत घेऊन स्लिट लॅम्पवर (डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर) तपासणी करा, मग जनुकचाचणी. ज्या डॉक्टरांकडे जाल, त्यांना वडिलांच्या ठिपक्यांचं न विचारताच सांगा.