१९६९ची कॅमॅरो, बाजारातले नवे भाग आणि घरावरचे कर्ज

मिशिगनमधील ट्रॉय येथून एका वाचकांनी सविस्तर पत्र पाठवले आहे. वय ४७, मोटारींचे भाग बनवणाऱ्या कंपनीत अभियंता, पत्नी आणि एक मुलगी. गेल्या ऑक्टोबरात त्यांनी १९६९ची शेव्हरोले कॅमॅरो २४,००० डॉलरना घेतली. गाडी चालते, पण खालचा पत्रा आणि मागचे दोन्ही क्वार्टर पॅनेल (मागच्या चाकांवरचे बाजूचे पत्रे) गंजले आहेत, चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक आहेत आणि वायरिंगला जागोजागी जोड दिलेले आहेत. गॅरेजने पूर्ण कामासाठी ५८,००० डॉलरचा अंदाज दिला आहे: एलएस जातीचे (जनरल मोटर्सचे आधुनिक, आठ सिलिंडरचे) इंजिन आणि सहा गिअरचा गिअरबॉक्स मिळून २१,०००, पत्रा व रंग १९,०००, ब्रेक व सस्पेन्शन ९,५००, वायरिंग व आतील काम ८,५००. महिनाअखेरीपर्यंत ३० टक्के आगाऊ भरल्यास इंजिनावर सवलत आहे. वाचकांचा घरखर्च महिन्याला ७,२०० डॉलर, आणीबाणीची शिल्लक २२,०००, बोनसमधून गाडीसाठी बाजूला काढलेले १४,००० आणि दरमहा उरणारी रक्कम २,१००. मुलगी दोन वर्षांनी कॉलेजात जाईल. घराच्या तारणावर ६०,००० डॉलरचे होम इक्विटी कर्ज घ्यावे का, बाजारातले (मूळ गाडीचे नसलेले) नवे भाग बसवल्याने गाडीची किंमत घटेल का, आणि ही गुंतवणूक समजावी का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

आपल्या पत्रातील एका ओळीने माझे काम बरेच सोपे केले. गाडीचा क्रमांक १२३३७ने सुरू होतो, असे आपण लिहिले आहे. त्या वर्षीच्या कॅमॅरोत १२३ म्हणजे कारखान्यातून सहा सिलिंडरच्या इंजिनासह निघालेली गाडी आणि १२४ म्हणजे आठ सिलिंडरची. याचा अर्थ आज आपल्या गाडीत असलेले ३५० घनइंचाचे, आठ सिलिंडरचे इंजिन नंतर कोणीतरी बसवलेले आहे. ज्या गाडीत कारखान्याचे मूळ इंजिन, त्यावर ठोकलेल्या गाडीच्या क्रमांकासह, शाबूत असते, तिच्यासाठी संग्राहक वेगळी किंमत मोजतात, आणि अशा गाडीचा एखादा मूळ भाग काढून फेकणे म्हणजे पैसे फेकणेच असते. आपल्या गाडीला ती किंमत मिळण्याचा मार्ग पूर्वीच बंद झालेला आहे. त्यामुळे नवे भाग बसवल्याने मूळपण जाईल ही आपली धास्ती मनातून काढून टाकावी. मात्र याच कारणासाठी पुढच्या जाळीवर एसएस (सुपर स्पोर्ट) या जोरकस आवृत्तीची अक्षरे लावून ती तशी विकण्याचा विचार कधीही करू नये. क्रमांक वाचता येणारा पहिलाच ग्राहक ते ओळखेल, आणि न ओळखणाऱ्याला विकणे ही फसवणूक होईल.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट देतो: कर्ज घेऊ नये. वर्षाला ८ टक्के व्याज धरले, तर ६०,००० डॉलरवर नुसते व्याजच ४,८०० होते, म्हणजे महिन्याला ४००. ‘लाइन ऑफ क्रेडिट’, म्हणजे लागेल तशी उचल, या स्वरूपात घेतले तर हा दर बहुधा बदलता असतो. घर विकत घेणे, बांधणे किंवा त्यात मोठी सुधारणा करणे यासाठी पैसे वापरले, तरच त्या व्याजाची करवजावट मिळू शकते; गाडीसाठी ती मिळत नाही. आपण ४०१(के)मधून, म्हणजे नोकरीतल्या निवृत्तिखात्यातून, उचल घेण्याचाही उल्लेख केला आहे. त्यात आपला हक्क झालेल्या रकमेच्या निम्मे किंवा ५०,००० डॉलर, यांपैकी जे कमी असेल तेवढे घेता येते आणि ते साधारणपणे पाच वर्षांत फेडायचे असते. पण नोकरी सुटली आणि त्या वर्षाच्या विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत, वाढीव मुदत धरून, बाकी रक्कम भरता आली नाही, तर ती उत्पन्नात धरली जाते आणि आपल्या वयाला त्यावर १० टक्के दंडही बसतो. मोटार उद्योगात मंदी आली की सुटे भाग बनवणाऱ्यांकडे कपात लवकर पोहोचते, हे आपण डेट्रॉइटच्या परिसरात राहून माझ्यापेक्षा जवळून पाहिले आहे. नोकरी ज्या धंद्यात, हौसही त्याच धंद्याची आणि कर्ज राहत्या घरावर, अशी तिहेरी गुंतवण मला आपल्यासाठी नको आहे.

आता भागांविषयी, कारण खरा पैसा तिथे ठरणार आहे. जुन्या गाडीच्या कामात भागाची किंमत आणि भाग बसवण्याची किंमत या दोन वेगळ्या रकमा असतात. यादीत आपल्याला पहिली दिसते आणि दुसरी बिलात येते. एलएस इंजिनाचेच पाहा. १९९७च्या कॉर्व्हेटमधून आलेले हे कुटुंब अत्यंत भरवशाचे आहे, यात वाद नाही. पण आपल्या गाडीत ते बसवायचे तर इंजिनाचे माउंट वेगळे लागतात, खालच्या आडव्या तुळईला अडणार नाही असे तेलपात्र लागते, धूर काढणारे नळ बदलावे लागतात, आणि सहा गिअरचा गिअरबॉक्स मावावा म्हणून मधला बोगदा कापून पुन्हा वेल्ड करावा लागतो. प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलते. कार्ब्युरेटरला पाच-सात पीएसआय इंधनदाब पुरतो. या इंजिनाला ५८च्या आसपास लागतो, म्हणून टाकीपासून पंप आणि नळ्या नव्या घ्याव्या लागतात. वर संगणक आणि त्याची वायरिंग आहेच. गॅरेजच्या २१,०००मध्ये यांपैकी काय धरले आहे, हे आपल्या पत्रातल्या अंदाजपत्रकावरून मला समजले नाही, आणि ते लेखी समजेपर्यंत आगाऊ रक्कम देण्याचा प्रश्नच उद्भवू नये.

शिवाय गंजलेल्या सांगाड्यात आधी ४०० अश्वशक्तीचे इंजिन घालणे म्हणजे आधी कळस मग पाया. या गाडीचा पुढचा भाग वेगळ्या सबफ्रेमवर, म्हणजे सुट्या चौकटीवर, आहे आणि ती सबफ्रेम रबरी बुशांच्या मध्यस्थीने मागच्या पत्र्याच्या सांगाड्याला बोल्टने जोडलेली आहे. पंचावन्न वर्षांनंतर ते रबर दबून बसते, काही ठिकाणी त्याचा नुसता भुगा उरतो. मग पुढचा भाग किंचित खाली झुकतो आणि फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा) व दार यांच्यातली फट वर एक आणि खाली एक दिसू लागते. पुष्कळ मालक ही फट बघून फेंडर खराब आहे असे समजतात आणि नवा फेंडर मागवतात. तोही बसत नाही, तेव्हा बनवणाऱ्याला दोष देतात. आयात केलेल्या नव्या फेंडरांमध्ये दोष असतात हेही खरे आहे, पण बुशांचा संच फेंडरच्या मानाने फार स्वस्त येतो, म्हणून पहिला मान त्याचा. तो घेताना रबर, पॉलियुरेथेन की ॲल्युमिनियम यापेक्षा जाडी मूळ मापाची आहे का हे आधी पाहावे, आणि बसवताना सबफ्रेमवरची भोके सांगाड्यावरच्या भोकांशी जुळवूनच बोल्ट आवळावेत.

दाराचेही तसेच आहे. गॅरेजमध्ये जाऊन आपण स्वतः एक गोष्ट करावी. दार अर्धे उघडावे, त्याच्या मागच्या टोकाखाली दोन्ही हात घालून ते हलकेच वर उचलावे. दार वर जाऊन टक् असा आवाज झाला, तर बिजागरीची पिन आणि पितळी बुश झिजले आहेत. ते बदलण्याआधी मागचे क्वार्टर पॅनेल वेल्ड केले, तर पॅनेल झुकलेल्या दाराच्या मापाने बसेल आणि पुढे दार नीट केल्यावर फट कायमची वाकडी दिसेल. मग ती झाकण्यासाठी पुट्टी भरली जाते. पुट्टीचे तास आपण भरता, आणि गाडी विकताना कापडात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवून तीच पुट्टी समोरचा शोधून काढतो. या कारणाने पत्र्याच्या कामात मी आपल्याला स्वस्त भाग सुचवणार नाही. क्वार्टर पॅनेल दोन प्रकारचे मिळते: एक नुसती बाहेरची चादर, जी अर्ध्यात कापून जोडतात, आणि दुसरे पूर्ण, जे कारखान्याच्या मूळ सांध्यांवर, म्हणजे छतापाशी, दाराच्या चौकटीत आणि डिकीच्या पन्हाळीपाशी बसते. पूर्ण पॅनेल महाग असते, पण चादरीच्या मधोमध केलेल्या लांब वेल्डिंगने पत्रा तापून लहरी येतात आणि त्या काढायला जे तास जातात त्यांत ती बचत वाहून जाते. वेल्ड करण्यापूर्वी दार, त्याचे नवे रबर आणि डिकीचे झाकण लावून पॅनेल चिमट्यांनी धरून पाहावे, आणि त्या अवस्थेतले फोटो गॅरेजकडून मागून घ्यावेत. १९६९च्या कॅमॅरोची सगळी बॉडीसुद्धा नवी मिळते, इतकी भागांची उपलब्धता आहे. आपल्याला काळजी मिळण्याची नाही, बसण्याची करायची आहे.

ब्रेकमध्ये माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाचे पैसे दोनदा गेले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. त्यांच्या गॅरेजने आधी पॉवर डिस्क ब्रेकचा संच बसवला आणि नंतर इंजिनात जोरकस कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) घातला. पेडल दाबायला मदत करणाऱ्या ब्रेकच्या बूस्टरला इंजिनाकडून चांगला व्हॅक्यूम लागतो, साधारण १८ इंच (पाऱ्याच्या मापाने). तसला कॅम असलेले इंजिन मंद फिरताना त्याहून बरेच कमी देते. सिग्नलपाशी पेडल दगडासारखे कडक होऊ लागले. मग बूस्टर काढून साधी रचना करायची, तर पेडलचे प्रमाण वेगळे लागते: बूस्टरशिवाय सहास एक, बूस्टरसह चारास एकच्या आसपास. पेडलची खीळ, दांडी आणि मास्टर सिलिंडर असे तिन्ही बदलावे लागले, आणि मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागली. भाग एकही निकृष्ट नव्हता. आपण म्हणूनच इंजिनाचा निर्णय आधी पक्का करावा आणि ब्रेक त्याला अनुसरून निवडावेत. पुढच्या दोन चाकांना डिस्क, मागे नीट दुरुस्त केलेले ड्रम, त्यांना जुळणारा मास्टर सिलिंडर आणि पुढच्या-मागच्या ब्रेकांत दाब वाटणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह, एवढे आपल्या वापराला पुरेसे आहे. अनेक संच १४ इंची मूळ चाकांत मावत नाहीत, त्यामुळे संचासोबत चाकांचा खर्चही विचारून घ्यावा.

माझा सल्ला असा, की आत्ताचे ३५०चे इंजिन ठेवावे. त्याची कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन तपासणी, म्हणजे सिलिंडर दाब धरतात का याची तपासणी, करून घ्यावी. ती ठीक निघाली तर हे इंजिन आपल्याला कित्येक वर्षे आनंद देईल आणि त्याचे भाग अमेरिकेत सर्वांत सहज मिळतात. दोन गिअरचा जुना पॉवरग्लाइड हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुढे कधी तरी बदलता येईल. ५८,०००मधून २१,००० वजा केले की ३७,००० उरतात. आपल्याकडे १४,००० आहेतच. दरमहाच्या २,१००पैकी १,१०० गाडीला आणि १,००० आणीबाणीच्या शिलकीला द्यावेत. चोवीस महिन्यांत गाडीसाठी २६,४०० जमतात, म्हणजे एकूण ४०,४००. आणि शिल्लक २२,०००वरून ४६,००० होते. घरखर्चाचे सहा महिने म्हणजे ४३,२००. आज आपल्याकडे तीन महिन्यांपुरतेच आहेत, आणि या पत्रातली मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट तीच आहे. ३७,००० आणि ४०,४०० यांच्यातले ३,४०० ही वाढीव खर्चासाठी फार तोकडी गादी आहे. फ्लोअर पॅन (खालचा पत्रा) उचलला की काचेखालच्या काउलचाही गंज सापडतो, असा अनुभव आहे; तिथून पाणी थेट पायांपाशी गळते. म्हणून मागचे डिस्क ब्रेक वगळावेत आणि आतील सजावट शेवटी ठेवावी. पहिल्या १४,०००मध्ये ब्रेक, वायरिंग, इंधननळ्या, बुश आणि बिजागऱ्या, म्हणजे गाडी सुरक्षित. त्यानंतर जमेल तसा पत्रा. रंग पत्रा पूर्ण झाल्यावरच. मुलीचे पहिले शुल्क भरायची वेळ येईल तेव्हा गाडीच्या १,१००चा निर्णय नव्याने घ्यावा. तिच्या ५२९ खात्याला, म्हणजे शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचतीला, गाडीसाठी हात लावू नये, हे आपण विचारलेले नसले तरी लिहून ठेवतो. शिक्षणाबाहेर खर्च केल्यास त्यातील वाढीवर कर आणि १० टक्के दंड लागतो.

ही गुंतवणूक आहे का? नाही. २४,००० आणि ५८,००० मिळून ८२,००० होतात, आणि विकत घेणारा आपल्या पावत्यांची बेरीज देत नाही. त्याला जो रंग, जी चाके, जे इंजिन हवे त्याची किंमत देतो. तोट्यात विकली, तर खासगी वापराच्या वस्तूवरचा तोटा करात वजा होत नाही. नफ्यात विकली, तर नफ्यावर कर आहे. पावत्या मात्र सगळ्या जपाव्यात, कारण भागांचा आणि कामाचा खर्च मूळ किमतीत मिळवता येतो. विम्याच्या बाबतीत ‘ॲग्रीड व्हॅल्यू’ (आधीच ठरलेली किंमत) हे शब्द करारपत्रात आहेत का ते पाहावे. ‘स्टेटेड व्हॅल्यू’मध्ये कंपनी त्याहून कमी देऊ शकते. काम चालू असताना वाढत जाणारी किंमत धरणारे आणि सुटे काढून ठेवलेल्या भागांना संरक्षण देणारे विमेही मिळतात, आणि आपल्या गाडीचे काम दोन वर्षे टप्प्याटप्प्याने चालणार असल्याने ते हवेतच. भाग सवलतीत मिळतात म्हणून वर्षभर आधी घेऊन ठेवू नयेत. परतीची मुदत खरेदीपासून मोजली जाते, आणि भाग बसत नाही हे मात्र बसवतानाच कळते. जुना भाग दिल्यास कोअर चार्ज, म्हणजे नव्या भागासोबत घेतलेली अनामत, परत मिळतो, त्या मोहात काढलेले भाग देऊन टाकण्याआधी नवा भाग बसून गाडी शंभर-दोनशे मैल चालू द्यावी.

महिनाअखेरची सवलत सोडून द्यावी. ३० टक्के म्हणजे १७,४०० डॉलर, आपल्या गाडीच्या शिलकीपेक्षा ३,४०० जास्त, म्हणजे पहिल्याच दिवशी आणीबाणीच्या पैशाला हात लागला असता. गॅरेजकडून टप्प्याटप्प्याचे, मजुरीचे तास वेगळे दाखवणारे नवे अंदाजपत्रक मागावे. ब्रेक आणि वायरिंग उन्हाळ्यापर्यंत झाले, तर गंजक्या पत्र्यासह का होईना, ऑगस्टमध्ये वुडवर्ड ॲव्हेन्यूवरच्या ड्रीम क्रूझ या जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला मुलीला शेजारी बसवून आपण ही गाडी स्वतः चालवत नेऊ शकाल. नवे अंदाजपत्रक आले की ते, आणि दार उचलल्यावर काय आढळले ते, मला कळवावे.