वाचकांचे प्रश्न : ब्लॉगलेखनाचा हिशेब

प्रश्न : मी महिनाभर रोज लिहिते, तरी हातात फारसं उरत नाही. शब्दामागे दर वाढवून मागू का?

उत्तर : आधी एका लेखाला किती तास जातात ते घड्याळ लावून मोजा. 1200 शब्दांचा माहितीपर लेख धरू. ब्रीफ (लेख कसा हवा ते सांगणारी गिऱ्हाईकाची लेखी सूचना) वाचून शंका विचारायला अर्धा तास, वाचन आणि शोधाशोधीला दोन, आराखड्याला अर्धा, पहिल्या खर्ड्याला अडीच, दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी संपादनाला एक, मजकूर वर्डप्रेसमध्ये (ब्लॉग चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) चढवून चित्रं आणि लिंक टाकायला अर्धा. झाले सात तास. शब्दामागे दर सांगणारे बहुतेक जण यातले फक्त खर्ड्याचे अडीच तास धरतात. बाकीचे साडेचार फुकट जातात.

आता उलट्या बाजूने या. आठवड्याला 40 तास बसलात तरी ईमेल, नव्या कामाची शोधाशोध, बिलं आणि तगादे यांत 17 तास सहज जातात. उरले 23. महिन्याचे 92, म्हणजे 13 लेख. आजारपण, सुट्टी आणि कामाचा दुष्काळ यांसाठी वर्षातला एक महिना सोडा : 11 महिने, 143 लेख. वर्षाचा घरखर्च, कर, बचत आणि संगणक-इंटरनेटचा खर्च यांची बेरीज करा आणि 143 ने भागा. येईल तो लेखामागचा किमान दर. त्याखालचं काम घेतलंत तर तूट ठरलेली. ‘रोज एक लेख’ या हिशेबाने दर सांगणारा 25 लेखांवर भाव काढतो आणि लिहून होतात 13.

शब्दामागच्या दरात आणखी एक गोम आहे. पाल्हाळ कापून 1200 चे 900 शब्द केलेत तर लेख सुधारतो आणि बिल घटतं. म्हणून दर लेखामागे सांगा, शब्दसंख्या कमाल मर्यादा म्हणून लिहा. विषय मात्र दोन-तीनच ठेवा. ओळखीच्या विषयात शोधाशोधीचे दोन तास हळूहळू तासावर येतात. दर न वाढवता कमाई वाढते ती इथे.

प्रश्न : लेख दिला की ‘छान आहे, पण अजून मजा येत नाहीये’ असं उत्तर येतं. चार-चार वेळा बदलून द्यावं लागतं.

उत्तर : दोष बहुधा ब्रीफचा असतो, आणि ते अर्धवट असताना लिहायला बसणं ही लेखकाची चूक. ‘कंपोस्टवर लेख हवा’ हे ब्रीफ नव्हे. ‘बाल्कनीत दोन कुंड्या असलेल्या माणसाला पहिला डबा वास न येता कसा भरायचा ते कळावं’ हे ब्रीफ. वाचक कोण आणि वाचून झाल्यावर त्याने काय करायचं, ही दोन उत्तरं लेखी घ्या. मग पोटमथळ्यांचा दहा ओळींचा आराखडा पाठवा आणि होकार आल्याशिवाय खर्डा सुरू करू नका. आराखड्यातला मुद्दा हलवायला पाच मिनिटं लागतात, पूर्ण लेखातला हलवायला दीड तास.

सुरुवातीच्या ईमेलमध्येच लिहा : दुरुस्तीच्या दोन फेऱ्या मोबदल्यात धरल्या आहेत, सूचना एकाच व्यक्तीकडून एकत्र याव्यात, मंजूर आराखडा बदलला तर ते नवं काम. तिघांनी तीन दिशांना ओढलेला लेख कितीही फेऱ्यांत सुधारत नाही.

प्रश्न : बिल देऊन 40 दिवस झाले. संपादक म्हणतात, ‘अकाउंट्सकडे आहे.’

उत्तर : मग अकाउंट्सचाच ईमेल मागून घ्या, संपादकाच्या हातात पैसे नसतात. बिल अडकण्याची कारणं बहुधा क्षुल्लक असतात : बिल क्रमांक नाही, लेखाचं शीर्षक नाही, बँकेचा तपशील अपुरा. ‘15 दिवसांत’ असं मोघम लिहू नका, देय तारीखच छापा. त्या तारखेला सकाळी एक आठवण, सातव्या दिवशी दुसरी, चौदाव्या दिवशी हातातलं काम थांबवल्याचं पत्र. भाषा तिन्हीत सारखीच थंड ठेवा. नव्या गिऱ्हाईकाकडून निम्मे पैसे आगाऊ घ्या आणि लेखाचे हक्क पूर्ण पैसे मिळाल्यावरच हस्तांतरित होतील, असं आधीच लिहून ठेवा.

प्रश्न : स्वतः लिहिलेला लेख एका तपासणी साधनाने ‘एआयने लिहिलेला’ ठरवला. मोबदला अडवला आहे.

उत्तर : ही साधनं चुकतात. चॅटजीपीटी बनवणाऱ्या खुद्द ओपनएआयने जानेवारी 2023 मध्ये आणलेलं असं साधन अचूकता कमी असल्याचं सांगून त्याच वर्षी जुलैमध्ये बंद केलं. वाद घालण्यापेक्षा पुरावा द्या : गूगल डॉक्समध्ये लिहिला असेल तर आवृत्तींच्या इतिहासात मजकूर तासातासाला कसा वाढला ते दिसतं. सोबत टिपणं आणि मूळ संदर्भांच्या लिंक जोडा. दुसरीकडे लिहून एका दमात पेस्ट केला असेल तर हा इतिहास रिकामा निघतो, तेव्हा यापुढे पहिली ओळही तिथेच लिहा.