जुन्या बी-२७५ ट्रॅक्टरला भंगारातला ब्लॉक बसवलाय. तो ब्लॉक आणि आतले पार्ट कुठल्या इंजिनाचे, हे नंबरावरून कळेल का?

नाही कळणार. नंबर जुळला म्हणजे इंजिन ओळखलं, असं म्हणणाऱ्या मिस्त्रीला इंजिनाला हात लावू देऊ नका. ओतीव नंबर साच्याचा, पंच केलेला नंबर कागदपत्रांचा. आत कुठला क्रँक (पिस्टनच्या धावेनं फिरणारा मुख्य दांडा) बसलाय आणि तो किती घासलाय, ते मोजल्याशिवाय कळत नाही.

बी-२७५ मूळचा बीडी-१४४ इंजिनावरचा, बी-४१४ ट्रॅक्टर बीडी-१५४ वरचा. आकडे घनइंचांचे. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, दोन्हींचा १०१.६ मिमी, तेव्हा स्ट्रोक मोजून काही हाती लागत नाही. हेड उतरवा आणि बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मोजा. १४४ चा ८५.७ मिमी, १५४ चा ८८.९. महिंद्राच्या जीपमधलं २५२३ सीसीचं एमडीआय डिझेल इंजिनसुद्धा ८८.९ चंच.

हे एवढ्या तावातावानं लिहितोय त्याला कारण आहे. माझे वडील सांगलीत क्रँक ग्राइंडिंग करायचे. तासगावकडच्या एका द्राक्षबागायतदारानं असाच आणलेला ब्लॉक माझ्या दाजींच्या गॅरेजला दिला. क्रँक वडिलांकडे आला. पिना, म्हणजे क्रँकचे बेअरिंगात फिरणारे गोल भाग, ओरखडलेल्या होत्या, म्हणून त्यांनी तो तीस थाउ अंडरला, म्हणजे मूळ मापापेक्षा इंचाच्या तीस हजारांशांनी बारीक, घासला आणि तसं चिठ्ठीवर लिहून दिलं. दाजींनी बेअरिंगं आणली ती भंगारवाल्याच्या कागदावर ‘वीस अंडर’ होतं म्हणून, वीसची. दहा थाउ म्हणजे पाव मिलिमीटर मोकळीक जादा. इंजिन तापलं की ऑइल प्रेशर खाली आणि खालून खटखट. बागायतदार आमच्या दारात येऊन वडिलांना वाट्टेल ते बोलला, आणि दाजी शेजारी गप्प उभे.

वडिलांनी इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर उतरवायला लावलं. कनेक्टिंग रॉडची कॅप काढून बेअरिंग उलटं केलं, पाठीवर ०२० स्पष्ट. मग मायक्रोमीटर लावून सगळ्या पिना त्या माणसाला दाखवल्या, तीसला बरोबर. बागायतदारानं मान्य केलं. दाजींनी केलं नाही. आजही लग्नकार्यात विषय निघाला की ‘मामांचं मशीन आउट होतं’ म्हणतात. मशीन आउट नव्हतं. वडिलांनी घासलेला क्रँक मी डोळे झाकून बसवला असता.

म्हणून तुम्हीही बेअरिंगची पाठ वाचा, पिस्टनच्या डोक्यावरचा साइझ वाचा, पण पार्ट मागवताना पिन स्वतः मोजून घ्या. पिन एकाच जागी मोजू नका, आडवी-उभी मोजा, अंडाकार झालेली असते. मेन बेअरिंगच्या कॅप त्याच ब्लॉकच्या आहेत ना, तेही बघा. त्या ब्लॉकसोबतच बोअर केलेल्या असतात, दुसऱ्या ब्लॉकच्या घातल्या तर क्रँक मोकळा फिरेलच असं नाही.

एक राहिलं. १४४ च्या ब्लॉकला कुणी लायनर (सिलिंडरच्या आतली नळी) बदलून खेळ केला असेल, तर नुसत्या बोअरवरूनही खात्री देता येत नाही, तिथं चांगल्या बोअरिंगवाल्यालाच दाखवा. आणि पंच नंबराची जागा घासलेली दिसली तर तो ब्लॉक घेऊच नका, आरसीवर इंजिन नंबर बदलून घ्यायला आरटीओत गेलात की तिथंच अडकाल.