आकड्यांआधी एक नाव वाच

वंशसंहाराच्या अभ्यासात नव्याने येणारे बहुतेक जण थेट आकड्यांना हात घालतात. तू तसं करू नकोस. जेरुसलेमच्या याद वाशेम या होलोकॉस्ट स्मारकापासून सुरुवात कर. १९५३ साली कायद्याने उभी राहिलेली ही संस्था, नाझींकडून मारल्या गेलेल्या ज्यूंपैकी प्रत्येकाचं साक्षीपत्र नातेवाईक-ओळखीच्यांकडून भरून घेते: नाव, आईवडिलांची नावं, जन्मगाव, व्यवसाय, खाली भरणाऱ्याची सही. कित्येक रकाने कोरेच असतात, कारण सांगायला कुणी उरलंच नाही. तिथे घाई करू नकोस.

मग त्यातून जिवंत वाचलेल्यांच्या मुलाखती. १९९४ साली स्थापन झालेल्या शोआ फाउंडेशनकडे ५०,००० हून जास्त आहेत. दिवसाला एकच, पण पूर्ण ऐक. मी सुरुवातीला सलग ऐकत बसायचो. मन इतकं बधिर झालं की पुढचं काही आत उतरेना.

कंबोडियाच्या राजधानीतलं, नोम पेन्हचं तुओल स्लेंग ही मूळची शाळा, ख्मेर रूजने, म्हणजे तिथल्या कम्युनिस्ट राजवटीने, तिचा तुरुंग केला. तिथले कैद्यांचे फोटो छळणाऱ्यांच्याच यंत्रणेने काढलेले आहेत, म्हणून आपल्या लेखाला शोभा म्हणून ते कधीही लावू नकोस.

रवांडातल्या किगालीला, तुत्सींच्या वंशसंहाराच्या स्मारकात जाशील तेव्हा दालनांआधी बाहेरच्या कबरींपाशी थांब. अडीच लाखांहून अधिक माणसं तिथे पुरलेली आहेत.