जर्मनीला निघालायस, तर ऐक

भावा, बॅगेत कांदा-लसूण चटणी घाल, पण तूप-पेढे नकोत. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे, मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. यजमानांकडं रात्रीचं जेवण बऱ्याचदा थंडच. पाव, चीज, काकडी. पहिल्या आठवड्यात तांबड्या रश्श्याच्या आठवणीनं मी रडकुंडीला आलेलो. मग एका शनिवारी स्वतःच केला. आधी विचार मात्र! मी विचारलं नव्हतं. फोडणीनं सगळे खोकले, धुराचा अलार्म बोंबलला. रस्सा मात्र दोनदा वाढून घेतला त्यांनी.

रात्री दहानंतर आणि रविवारी शांतता पाळतात. रंकाळ्यावर मारल्यासारख्या मोठ्यानं गप्पा फोनवर नकोत. काकूंना सांगून ठेव, तिकडचं घड्याळ साडेतीन तास मागं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेचार.