लष्करी कंत्राटदाराला दिलेली गोपनीय माहिती सुरक्षित कशी ठेवतात? करारातली अट पुरेशी नसते का?

नाही, नुसत्या अटीनं भागत नाही. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये तेव्हा बांधल्या जात असलेल्या स्कॉर्पीन पाणबुड्यांच्या गोपनीय माहितीची 22,000 हून अधिक पानं फुटल्याचं ऑगस्ट 2016 मध्ये एका ऑस्ट्रेलियन वृत्तपत्रानं उघड केलं. कागद फ्रेंच कंपनी डीसीएनएसचे होते आणि संशय होता तिच्या एका जुन्या उपकंत्राटदारावर. माझ्या मते खरा धोका कंत्राटदार-उपकंत्राटदारांच्या साखळीच्या या टोकालाच असतो.

म्हणून ज्याला कामापुरती जेवढी लागते तेवढीच माहिती द्यायची, प्रत्येक प्रतीची नोंद ठेवायची, इंटरनेटला न जोडलेल्या संगणकावरच ती उघडायची. आणि काम संपलं की प्रती परत घ्यायच्या, नेमकं हेच राहून जातं! आपला 1923 चा शासकीय गुपिते अधिनियम खासगी कर्मचाऱ्यांनाही लागू आहे, पण शिक्षा होते ती सहसा माहिती फुटल्यावर.